मोकळा हाय, मोकळा

आमच्या सफाईच्या गटातल्या एका मुलीवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी. दगड पडला सकाळी, न्याहारीच्या वेळेला. अन्याय झाला त्याच दिवशी दिवेलागणीला. तिला ऑपरेशनसाठी आत घेतलं होतं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या तिच्या अब्बांच्या फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. खाली ओळ होती: हिनंच ओरडून लोकांना दगडाखाली बोलावलं.

अब्बांचं गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं दुकान आहे. माणूस फार बोलत नाही. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "पोरी, ही काय म्हणतीया ह्यात?"

व्हिडिओत ती धावत होती आणि ओरडत होती, "मोकळा हाय, मोकळा."

मी पत्रकं लिहिते. नदीच्या पाण्यासाठी लिहिली, बसच्या फेऱ्यांसाठी लिहिली. एका शब्दासाठी लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आधी तो कडा. गगनबावड्याच्या रस्त्याला लागून शहर बरंच मागं टाकलं की डाव्या हाताला आत दिसतो. नाव सांगत नाही, जाहिरातीतून ते तुमच्या घरी आलेलंच आहे. आमच्या आधीच्या गिर्यारोहकांनी तिथं चढाईच्या वाटा आखल्या, कातळात बोल्ट ठोकले आणि मग संसाराला लागले. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तीन-चार महिने कडा दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा हिरवा असतो. भेगांत माती भरते, मातीत गवत येतं, गवताच्या आडोशाला घाणेरी. एखाद्या वाटेला दोन पावसाळे हात लागला नाही तर ती होती हेसुद्धा कळत नाही.

ते साफ करणारे आम्ही. पगार नाही, टी-शर्ट नाही. फाउंड्रीत कामाला जाणारे काही, एक प्राथमिक शाळेचे सर, ती आणि मी. पाऊस उघडला की रविवारी वरून दोर सोडायचा, खुरपं आणि तारेचा ब्रश घेऊन उतरायचं, भेगेतली माती खरवडायची. अंगावर गोमा पडतात. नाकातोंडात शेवाळ जातं. घरी आई विचारते, कुणाची विहीर उपसायला गेलतीस.

आणि गवतापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे ठोकणं. हातोडीनं दगड ठोकत ठोकत खाली यायचं. पक्का दगड खणखणीत वाजतो. सुटलेला दगड बद्द वाजतो, आत कुणीतरी उशी ठेवल्यासारखा. हे आमच्यात फाउंड्रीतून आलं, तिथं तयार माल असाच ठोकून बघतात. साच्यातून सुटलेल्या नगाला तिथं मोकळा म्हणतात, म्हणून आम्हीही सुटलेल्या दगडाला मोकळाच म्हणतो. असा दगड सापडला की कड्याच्या पायथ्याशी लाल रंगात लिहायचं, मोकळा, आणि वर बाण. म्हणजे इथं उभं राहू नका. पुढच्या खेपेला खालच्या वस्तीत सांगून, गुरं-माणसं बाजूला काढून, पहार लावून तो दगड पाडायचा. आमच्यासाठी त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. चूक झाली असेल तर ती एवढीच, की बाकीच्या जगासाठी त्याला चांगला दुसरा अर्थ आहे. रस्ता मोकळा. वाट मोकळी. या, कुणी अडवत नाही.

त्या वर्षी मधल्या वाटेवर, दोन पुरुष उंचीवर, एक दगड बद्द वाजला. गॅसच्या सिलिंडराएवढा पुढं आलेला, आणि त्याच्या मागं त्याच्यापेक्षा मोठा. दोघांच्या मधल्या भेगेत एक उंबर. त्या उंबराला आम्ही कधी कोयता लावला नव्हता. आमच्यातले निम्मे पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारे, दत्ताच्या झाडाला हात लावायला त्यांचं मन धजावत नव्हतं. उरलेल्यांची भीती वेगळी होती. मुळं दगडाला पुढं ढकलतायत की धरून ठेवतायत, यावर दर वर्षी दोराला लटकून भांडण व्हायचं.

"दोन्ही करतोय की," ती म्हणायची. "सासूसारखा. घालवत बी न्हाय आणि नांदू बी देत न्हाय."

सर म्हणायचे, "तुझं लगीन व्हायचंय अजून, तुला काय म्हाईत?"

"म्हाईत हाय म्हणून तर व्हायचंय."

तो बद्द वाजला त्याच रविवारी पाडता आला असता. पण खाली बायका गवताच्या पेंढ्या बांधत होत्या, ऊन कलायच्या आत त्यांना गाडी भरायची होती. त्यांना उठवायचं नाही असं ठरलं. पायथ्याशी लिहिलं, मोकळा. बाण काढला. पुढच्या रविवारी वस्तीत निरोप देऊन पाडू, असं म्हणून आम्ही निघालो. गाडीपाशी जाईपर्यंत मागं बारीक खडे गळत होते. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. ती वळून बघत राहिली.

"वाजतोय त्यो," ती म्हणाली.

मधल्या आठवड्यात खालची पडीक जमीन एका शिबिरवाल्या साहेबानं भाड्यानं घेतली. तंबू, शेकोटी, दोरावरून चढाई, सोबत फोटो. शनिवारी त्याची माणसं कड्यावर फिरली. लाल अक्षरं वाचली. अरे वा, साफ करून ठेवलाय, मोकळा आहे. फोटोत झाड आडवं येत होतं म्हणून उंबर तोडला. आणि दोर नेमका तिथंच बांधला, बाण दाखवत होता तिथं.

रविवारी मी आणि ती स्कूटरवरून पुढं गेलो. बाकीचे पहार आणि दोर घेऊन मागून टेम्पोनं येणार होते. बांधावर पोचलो तर कड्याखाली हेल्मेट घातलेले पाहुणे रांगेत उभे, पुण्याकडचे वगैरे. कुणी पोहे खातंय, कुणी फोन वर धरून व्हिडिओ काढतंय. मला आधी दोर दिसला. तिला आधी उंबर दिसला, म्हणजे नसलेला उंबर. तोडलेल्या बुंध्यातून पांढरा चीक ओघळत खाली आला होता, आमच्या लाल अक्षरांपर्यंत.

मग खडे गळायला लागले. या वेळी मध्ये थांबत नव्हते.

ती धावली. मी तिच्या मागं. धावताना माणूस शब्द निवडत नाही, जो रोज तोंडात असतो तोच येतो. ती ओरडली, "मोकळा हाय, मोकळा."

एक पाहुणा हसून म्हणाला, "चला, मोकळा आहे म्हणतायत, नंबर लावा." आणि दोन बायका फोटोसाठी आणखी आत सरकल्या. बाणाच्या बरोबर खाली.

मी हे बांधापासून अर्ध्या वाटेवरून बघितलं. तिला कळलं की आपला शब्द उलटा पोचलाय. तिनं दुसरा शब्द शोधला नाही, वेळ नव्हता. सरळ आत घुसली आणि एकीला छातीवर दोन्ही हात लावून ढकललं, दुसरीला दंडाला धरून फेकलं.

"ओ, हात काय लावताय," ती पहिली बाई म्हणाली. तेवढं बोलून झालं आणि दगड आला. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं गाडीतून टाकल्यासारखा. धूळ बसली तेव्हा त्या दोघी लांब बसल्या होत्या, एकीच्या कोपराला खरचटलं होतं. आमची मुलगी उजव्या पायावर दगड घेऊन पडली होती आणि वर बघत होती.

"माघं हटव समद्यास्नी," ती मला म्हणाली. "दुसरा बी हाय त्यो."

हे व्हिडिओत नाही. व्हिडिओ दगडाच्या आधी तुटतो. त्यात एक मुलगी धावत येते, मोकळा हाय म्हणते, आणि माणसं आत जातात.

संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपांत फिरला. सफाई करणाऱ्यांचा निष्काळजीपणा. प्रसिद्धीसाठी स्टंट. एकानं लिहिलं, "मुळात हिचं तिथं काय काम होतं?" तिचं आडनाव वाचून त्याला हा प्रश्न पडला होता. आमच्यातल्या कुणाला, सरांना, मला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ज्या दोघी तिच्यामुळं आपल्या पायांनी घरी गेल्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. अजून बोललेल्या नाहीत.

शिबिरवाला साहेब दवाखान्यात आला, सफरचंदं घेऊन. आवाज मऊ.

"आम्ही कुठं म्हणतोय मुद्दाम केलं? पण ताई, शब्द तर तुमचेच आहेत. कड्यावर लिहिलेले पण तुमचेच."

तिच्या पायात सळई होती, तोंड सुकलेलं होतं. ती म्हणाली, "शब्द माझाच हाय, साहेब. पर दगड मोकळा कुणी केला?"

त्यानं सफरचंदं टेबलावर ठेवली आणि अब्बांना विचारलं, दुकान कुठं आहे तुमचं. अब्बांनी सांगितलं. तो म्हणाला, येतो एकदा, आमच्या जीपची सीट-कव्हरं करायचीत. सफरचंदं बरेच दिवस तशीच होती.

तुम्ही म्हणाल, वर्ष झालं, आता उकरून काय उपयोग. मी उकरत नाही. उकरायचं काम तिकडं दुसरंच कुणीतरी करतंय.

आम्हाला आता त्या जमिनीत पाऊल टाकू देत नाहीत. फाटक आहे, कुलूप आहे. जिथं सांगायचं तिथं सांगितलं, 'बघतो' म्हणाले. पाऊस उघडल्यावर सर आणि मी समोरच्या बांधावर उभं राहून दुर्बिणीनं कडा पाहिला. मागचा मोठा दगड जागेवर आहे. पुढचा गेल्यामुळं तो आता उघडा पडलाय, आणि त्याच्या मागच्या भेगेतून पाणी येतंय, काळं. तोडलेल्या उंबराला धुमारे फुटलेत. म्हणजे मुळं जिवंत आहेत, आत जाड होतायत. सरांनी दुर्बीण खाली केली आणि त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, काय झालं.

"अक्षरं बघ," ते म्हणाले.

आमची अक्षरं पावसानं पुसट व्हायला हवी होती. ती ताजी होती. कुणीतरी नव्यानं रंगवली होती, वळणदार, पांढऱ्या किनारीनं. मोकळा. बाण मात्र पुसून टाकला होता.

त्याचं कारण आठवड्याभरात कळलं, पेपरातून पडलेल्या रंगीत कागदावर. दिवाळी शिबिर, फक्त मुलांसाठी. वर मोठ्या अक्षरांत: मोकळा कडा, मोकळा श्वास. आणि फोटो. आमच्या लाल शब्दाखाली पोरं ओळीनं उभी आहेत, दात काढून. त्यांच्या डोक्यावर, फोटोच्या कडेला, तो दगड दिसतो. नीट बघितलं तरच दिसतो.

मी तो कागद घेऊन अब्बांच्या दुकानात गेले. ती मशीनवर बसली होती. पूर्वी ती उजव्या पायानं पायटा मारायची. आता भावानं मोटर बसवून दिली आहे आणि बटण डाव्या बाजूला घेतलंय. तिनं कागद बघितला. मोटर बंद केली.

"पत्रक लिही," ती म्हणाली.

"लिहिते. तुझा काही दोष नव्हता, हे पहिल्या ओळीत लिहिते."

"माझं ऱ्हाऊ दे. माझा पाय गेलाय, त्यो काय पत्रकानं येत न्हाय. मोकळा म्हंजे काय, त्ये लिही. पोरांच्या आयांना कळंल असं लिही."

"आणि लोक परत म्हणाले, तूच बोलावलंस म्हणून?"

तिनं सुईत दोरा ओवला, पण मोटर चालू केली नाही. "म्हनू देत. पर ह्या बारीला मी तितं नसणार हाय ढकलायला."

म्हणून हे लिहिलं. पहिल्या ओळीत तिच्यावरचा अन्यायच लिहिला, तिचं ऐकलं नाही. पण शेवट तिच्या मनासारखा करते.

तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल तर आवाज बंद करून बघा. तिचे हात बघा. बोलावणारा हात आपल्याकडं येतो. तिचे दोन्ही तळवे पुढं आहेत, धावताना सगळ्या जगाला मागं लोटत असल्यासारखे. गेल्या वर्षी ज्यांना ते दिसले नाहीत, त्यांनी आता बघावेत. ज्या दोघींना ते तळवे छातीवर आणि दंडावर लागले, त्यांनी आता तरी तोंड उघडावं.

आणि तुम्ही, ज्यांच्या घरी तो रंगीत कागद आला आहे. मोकळा म्हणजे सुटलेला दगड. तुमच्या मुलाचं नाव त्या शिबिरात दिलं असेल तर ते काढून घ्या. शेजारणीनं दिलं असेल तर तिच्या दारात जा आणि तिलाही काढायला लावा. दिवाळीपर्यंत थांबू नका. आज.