राहूच्या आबांची पाणथरी

ऑपरेशन थिएटरमध्ये किस्से कसे साठतात ते सांगते. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण कपाटावरच्या जुन्या फायलींसारखे ते फेकवतही नाहीत. मी भूलतज्ज्ञ. राहते दौंडला, आणि आठवड्यातले चार दिवस बॅग गाडीत टाकून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत शिरूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात पोचते. पेशंटना माझं नाव कधीच आठवत नाही. मी सगळ्यांची 'झोपवणारी बाई'.

आम्ही तिघं. दाभाडे सर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, कुंदा सिस्टर सरांसकट सगळ्यांना सांभाळतात आणि मी पेशंटला झोपवते, उठवते आणि मधल्या वेळात एक डोळा मॉनिटरवर आणि एक कान या दोघांच्या बोलण्यावर ठेवते. हर्निया-अपेंडिक्सचे किस्से पोतंभर आहेत. पण चहाला बसलो की हटकून निघतात ते एकाच पेशंटचे. राहू गावच्या आबांचे.

*

आबांची गाठ शोधली ती एका एडक्याने. खोटं नाही!

आबा साठी उलटलेले. घराणं मेंढपाळाचं. आता शेतात ऊस आणि कांदा, पण सवय जात नाही म्हणून दारात दहा-बारा मेंढरं. त्यातल्या एडक्याचं नाव पैलवान. आबा वाकून चारा टाकत होते आणि पैलवानाने डाव्या बरगडीत अशी धडक दिली की आबा गव्हाणीत. त्यांचा मुलगा नवनाथ शिक्रापूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आत काही फुटलं असेल या धास्तीने त्याने वडिलांना थेट सोनोग्राफीला नेलं. बरगड्या धड, पाणथरी म्हणजे प्लीहाही धड, पण पाणथरीच्या आत लिंबाएवढी गाठ.

पाणथरीत गाठ फार क्वचित होते. दाभाडे सरांनी आयुष्यात दोन-तीन पाहिलेल्या. ते एवढे हरखले की अभिनंदन करावं तशा आवाजात म्हणाले, "आबा, ही अतिशय दुर्मिळ आहे!"

आबांनी शांतपणे विचारलं, "मग मलाच कशी घावली?"

बहुतेक वेळा गाठ साधीच असते, पण ती काढून तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, हे सरांनी नीट समजावलं. आबा 'सांगता येत नाही' एवढंच ऐकून घरी गेले. पैलवान त्या महिन्यात विकायचा होता. तो बेत मात्र नवनाथने रद्द केला. म्हणाला, असा इन्स्पेक्टर आमच्या कंपनीतसुद्धा नाही.

*

पाणथरी काढली की काही जंतूंशी लढायची अंगातली ताकद कमी होते. म्हणून ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी लसी द्याव्या लागतात. लसीच्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून अकरा माणसं उतरली. आबांची बायको, मुलगा, सून, दोन लेकी, जावई, व्याही आणि सगळ्यांच्या पुढे तीन वर्षांची नात, परी. सगळ्यांच्या बाह्या वर केलेल्या.

कुंदा सिस्टरांनी विचारलं, वऱ्हाड कुणाचं? लस तर एकट्या आबांना द्यायची आहे.

आबा म्हणाले, "एकट्याला टोचून काय उपेग? टोचायचं तर अख्ख्या कळपाला टोचायचं. न्हाईतर एक वाचतंय आन् बाकीची जात्यात."

मग उलगडा झाला. मेंढरांना फाशीचा रोग येतो, त्यात पाणथरी सुजून काळी पडते. आबांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांचा अर्धा कळप असाच दोन दिवसांत गेला होता. आबांच्या हिशेबाने पाणथरीचं दुखणं म्हणजे घरभर पसरणारं दुखणं. सोनोग्राफी झाल्यापासून त्यांनी आपलं ताट वेगळं केलं होतं, खाट गोठ्यात नेली होती आणि परीला मांडीवर घेणं बंद केलं होतं.

सरांनी पाऊण तास समजावलं की गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. अकराही माणसांना पटलं. आबांनीही मान हलवली आणि मग हळूच विचारलं, निदान पोरीला तरी टोचाल का? परी हात पसरून त्यांच्याकडे धावत होती आणि हा धिप्पाड माणूस बायकोच्या मागे लपत होता. आम्ही नंतर त्या टेम्पोवर खूप हसलो. पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, सरळ सांगते.

*

ऑपरेशनच्या सकाळी आबांना टेबलवर घेतलं. अंगावरची चादर बाजूला केली आणि सर दोन पावलं मागे सरले. पोट पिवळं, कपाळ पिवळं, तळहातसुद्धा पिवळे!

"कावीळ! थांबा, भूल देऊ नका," सर मला म्हणाले. कालचे रिपोर्ट मागवा, लॅबला फोन लावा, अशी एकच धांदल उडाली. मी आबांच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला, तर बुबुळांच्या बाजूला दुधासारखं पांढरं. तोवर कुंदा सिस्टरांनी गॉजचा ओला तुकडा पोटावरून फिरवला आणि पिवळाधमक झालेला गॉज सरांच्या नाकासमोर धरला.

"सर, बिरोबाचा भंडारा आहे. लिव्हर ठीक आहे."

ऑपरेशनआधी आम्ही एक तपासणी यादी वाचतो. पेशंटचं नाव, बाजू डावी की उजवी, दात खोटे आहेत का, वगैरे. त्या दिवसापासून सरांनी स्वतःच्या हाताने तिच्यात एक ओळ वाढवली: भंडारा पुसला का? ती अजून आहे. पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनीही ती खोडली नाही.

*

सरांची एक पद्धत आहे. गाठ बाहेर काढायच्या वेळी ते घरच्या एका माणसाला गाऊन-टोपी घालून आत बोलावतात आणि स्क्रीनवर सगळं दाखवतात. नवनाथ आला. आम्हाला वाटलं, वडिलांचं पोट आतून पाहून घेरी येईल, म्हणून सिस्टरांनी स्टूल तयार ठेवलं.

स्टूल लागलं नाही. पोटाला बोटाच्या पेराएवढी चार भोकं, त्यातून दुर्बीण आणि लांब दांड्यांची अवजारं आत गेलेली. सरांनी एका भोकातून घडी केलेली पिशवी आत सोडली, ती पोटात उघडली आणि सुटी झालेली पाणथरी अलगद तिच्यात ढकलली. पुढे खालचं एक भोक जरा वाढवून ती पिशवी अख्खी बाहेर ओढायची, म्हणजे तपासणीला पाणथरी शाबूत मिळते. आम्हा तिघांचे डोळे त्या पिशवीवर, कारण पिशवी फाटली तर सगळ्यावर पाणी.

त्या शांततेत नवनाथने विचारलं, "सर, पिशवीची लीक टेस्ट झालीय का?"

सरांचा हात थांबला. गेल्या वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. पिशवी शाबूत बाहेर आली, आणि पाणथरी काढून घेतल्यावर सरांनी सिस्टरांना ती पाण्याने भरून उलटीपालटी करायला लावली. एक थेंब गळला नाही. तेव्हा कुठे नवनाथने मान डोलावली.

*

आबा शुद्धीवर आले ते भांडतच. पाणथरी माझी, मग मला न दाखवता ती पुण्याला कशी जाते? ती लॅबला नेणारी गाडी संध्याकाळची होती. औषधी पाणी आतपर्यंत मुरावं म्हणून सरांनी पाणथरीला मधोमध छेद देऊन ती पारदर्शक डब्यात ठेवली होती. शेवटी सिस्टर डबा घेऊन खाटेशी गेल्या. आबांनी चष्मा मागवला. छेदाच्या आतली गाठ बराच वेळ निरखली.

"पालथा करा," ते म्हणाले. सिस्टरांनी झाकण तपासून डबा पालथा केला. कुठे काळं पडलंय का पाहावं तशी आबांनी मागची बाजूही पाहिली, चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेले. आम्हाला वाटलं, म्हातारा घाबरला.

*

दुसऱ्या दिवसापासून राहूची माणसं भेटायला येऊ लागली. भेटायला कसली, टाके बघायला! आबा सदरा वर करायचे आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. एवढंच? त्यातले एक मामा हर्नियावाले. त्यांनी वॉर्डातच स्वतःचा वीतभर व्रण दाखवून सगळ्यांची वाहवा मिळवली.

संध्याकाळच्या राउंडला आबांनी सरांना जवळ बोलावलं. "एखादा टाका वाढवता येईल का? गावात कुणाला खरं वाटंना झालंय."

सर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच जीभ चावली.

*

आता शेवटचा किस्सा. आबा घरी गेले, पण रिपोर्ट येईना. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी दाभाडे सरांकडे बघून शिकले. जेवणाचा डबा उघडायचे आणि न खाताच बंद करायचे. लॅबवाल्यांनी तर त्यांचा फोन उचलणं सोडलं होतं.

रिपोर्ट आला तो नेमका आबा टाके काढायला येणार त्याच सकाळी. सरांनी तो तीनदा वाचला. मला वाचायला लावला, कुंदा सिस्टरांना वाचायला लावला. मग कोटाची बटणंही न लावता, अर्धवट तपासलेला पेशंट टेबलवर तसाच सोडून बाहेर पळाले. मागोमाग आम्ही दोघी.

टेम्पो आला होता. बाकांवर अकरा माणसं ओळीने बसलेली. मधोमध आबा, आणि त्यांच्या मांडीवर परी. आबा तिला शेंगा फोडून भरवत होते आणि ती एक दाणा आपल्या तोंडात आणि एक आबांच्या तोंडात घालत होती.

"आबा, रिपोर्ट आला!" सरांना धाप लागली होती. "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही, पसरणारं काही नाही. कुणालाच काही होणार नाही!"

बायको रडायला लागली, सून रडायला लागली. नवनाथने तोंड फिरवलं. आमच्या सिस्टरांनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला.

आबांनी हातातली शेंग फोडली, दाणे परीच्या तळहातावर ठेवले आणि सरांकडे पाहिलं.

"तुम्हाला आज कळलं व्हय?"