व्याह्यांची किटली

जुनी जपानी किटली ओळखायची असेल तर ती उलटी करून बुडावरचा शिक्का वाचावा लागतो, आणि उलटी करण्याआधी ती रिकामी आहे ना, हे बघावं लागतं. यातला पहिला भाग मी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकले. दुसरा भाग होणाऱ्या व्याह्यांच्या घरी.

माझी बाजू आधी मांडते, कारण आमच्या घरात ती कुणी मांडत नाही. मला हा नाद उगाच लागला नाही. कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. ते बंगला विकून निघाले तेव्हा व्हरांड्यात सामान मांडून बसले होते. लोकांनी कूलर नेला, कपाट नेलं, झोपाळा नेला. मी एक छोटी तपकिरी किटली आणली. तिच्या बुडावर चौकोनात काहीतरी कोरलं होतं.

"हे काय गं? झुरळ चालून गेलंय का शाईतून?" आमच्या यांनी विचारलं. (हे रेल्वेतून निवृत्त झाले. रुळांखेरीज कशाकडे टक लावून बघायची त्यांना सवय नाही.)

मला ते लागलं. मी व्हिडिओ लावले, भिंग आणलं आणि अभ्यासाला बसले. जपानी शिक्के वरून खाली वाचायचे, ओळी उजवीकडून डावीकडे. वर्तुळात फुली असेल तर ते एका जुन्या सरदार घराण्याचं चिन्ह. इंग्रजीत 'मेड इन जपान' असेल तर फार उड्या मारायच्या नाहीत, माल त्या मानाने अलीकडचा. ब्रशने लिहिलेला शिक्का वेगळा, ठशाने उठवलेला वेगळा. माझ्या स्वतःच्या किटलीचा शिक्का मात्र काही केल्या कुठल्याच चित्राशी जुळेना. मग एके दिवशी यांनी चहा पिता पिता किटली फिरवली आणि म्हणाले, "तू इतके दिवस उलटा तर वाचत नव्हतीस ना?"

वाचत होते. पण उलट्या किटलीवर सुलटं कुठलं, हे नवख्या माणसाला कसं कळणार? जपान्यांनी बाण काढायला नको होता का?

हळूहळू आमच्या दहिवलीत माझं नाव झालं. शेजारच्या लताताई त्यांची किटली घेऊन आल्या. मी भिंग लावलं. बुडावर 'मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये' असं लिहिलं होतं.

"अलीकडची आहे," मी म्हणाले.

"बघा, किती पटकन ओळखलंत!" लताताई म्हणाल्या. सांगा, असं कौतुक झाल्यावर कोण थांबेल?

अशात आमच्या अमेयचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी त्याच्याच कंपनीतली, सायली. माहेर खालापूरच्या पुढे, भातशेतीवालं घर. दोघांचं आपापसात ठरलेलंच होतं, फक्त मोठ्यांनी एकमेकांना बघून 'हो' म्हणायचं बाकी होतं. गाडी पळसदरी ओलांडते न ओलांडते तोच अमेयने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"आई, एक वचन दे. तिथे कुठलंही भांडं उलटं करायचं नाही."

"मी काय वेडी आहे?"

हे खिडकीबाहेरचे रूळ बघायला लागले. मला ते आवडलं नाही, पण वचन दिलं.

घर छान होतं. अंगण सारवलेलं, वर सोलर पॅनेल. सायलीचे वडील, दामूअण्णा, कडक इस्त्रीचा पांढरा शुभ्र लेंगा घालून दारात उभे होते. आई मऊ स्वभावाची, हसरी. आणि घराच्या खऱ्या मालकीण म्हणजे दामूअण्णांच्या थोरल्या बहीण, शेवंताआत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा पाहिलं.

"बसा. रव्याचं लाडू मी सोता वळल्यात. घ्या."

मी एक घेतला. दात लावला. दात मागे फिरला. मी लाडू हळूच बशीत ठेवला आणि म्हटलं, "नंतर खाते हं!"

आणि मग सायलीच्या आईने काचेच्या कपाटातून ती किटली काढली. काय सांगू! पोटावर हिरवे डोंगर, पिवळी फुलं, जांभळा पक्षी, गडद निळं पाणी, कडेने लाल नक्षी. पाचही रंग! व्हिडिओत बघून बघून जी माझ्या स्वप्नात यायची, ती खालापुरात, दूध-साखर घालून उकळलेल्या चहासकट!

"आमच्या आबानं आनलीय," आत्या म्हणाल्या. "बोटीवर खलाशी व्हता. जपानपातुर गेलता. तिथल्या बंदरावर जुन्या बाजारात घेतली. मोटा पावना आला तरच भायेर काडतो आमी."

वचन एकीकडे, किटली एकीकडे. मी आधी सभ्य मार्गांनी गेले, हे लक्षात घ्या. रुमाल पाडला आणि तो उचलताना टीपॉयच्या काचेखालून बघितलं. काच दुधाळ निघाली. मग फोन पाडला.

"काकू, बरं वाटत नाही का?" सायलीने काळजीने विचारलं.

"बरंय गं, वयोमानाने हातातून निसटतं," मी टीपॉयखालून म्हणाले. अमेयने डोळे मिटून घेतले होते.

शेवटी मी उठले आणि म्हटलं, "द्या, आज चहा मी ओतते!" सगळ्यांना केवढं कौतुक! मुलाची आई स्वतः चहा ओततेय! मी कप भरता भरता किटली जरा वर धरली. अजून जरा वर. मग मान वाकडी केली. बुडावर लाल चौकोन दिसला! चौकोनात अक्षर होतं, पण आडवं. ते उभं दिसायला किटली आणखी थोडीच कलती करायला हवी होती. थोडीच!

चहाने जे व्हायचं ते केलं. अख्खा चहा दामूअण्णांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर गेला. (निवलेला होता! माझ्या रुमाल-फोनात बराच वेळ गेला होता, त्यामुळे अण्णा भाजले नाहीत. याचं श्रेय मला कुणी देत नाही.) अण्णा उभे राहिले. झाकण सुटलं. ते शेजारच्या बशीतल्या पोह्यांत पडलं असतं तर वाचलं असतं, पण ते बरोबर माझ्या बशीतल्या लाडवावर आपटलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

लाडवाला काही झालं नाही.

आणि नेमकं त्याच क्षणी मला शिक्का वाचता आला. व्हिडिओतल्या पाचरंगी किटलीवर होता, तोच! माझा आनंद पोटात मावेना. मी सायलीकडे बघून ओरडले, "कुतानी!"

आत्यांनी कान टवकारले.

"काय म्हनली ती?" आत्यांनी विचारलं.

"कुतानी!" मी आणखी स्पष्ट सांगितलं. "अस्सल कुतानी आहे हो ही!"

"आमच्या पोरीला कुतरी म्हनली!" आत्या ताडकन उठल्या. "ऐकलं का रं दामू? लेंग्यावर चा वतला, आबाचं झाकन फोडलं, आनि वर पोरीला कुतरी म्हनतीय!"

"अहो, सायली नाही, किटली कुतानी!"

"किटलीला कशी कुतरी म्हंतील कुनी?"

बिनतोड मुद्दा होता. मी तरी सोडणार होते थोडीच! मी सांगितलं की कुतानी हे तिथल्या एका भागातल्या भांड्यांचं नाव आहे, हे पाच रंग म्हणजे त्याची खूण आणि बुडावर ज्याचं नाव आहे तो कारागीर म्हणजे फुकू.

"फुकट?" आता अण्णांचाही आवाज चढला. ते ओला लेंगा चिमटीत धरून उभे होते. "आमच्या बापानं फुकाट आनली म्हंता?"

"फुकट नाही हो, फुकू!"

"आई, बस!" अमेय म्हणाला.

"सॉरी म्हण आणि चल," हे माझ्या कानात कुजबुजले.

मी म्हटलंही. "चहाबद्दल माफ करा. झाकणाबद्दल तर फारच वाईट वाटतंय. पण कुतानीबद्दल मी माफी मागणार नाही. ती कुतानीच आहे! आणि झाकण मी पाडलं हे खरं, पण फोडलं ते लाडवाने."

हे शेवटचं वाक्य नसतं बोलले तरी चाललं असतं, असं सगळे म्हणतात.

आत्या खाली बसल्या, झाकणाचे दोन्ही तुकडे उचलले, पदराला पुसले आणि कपाटात जागच्या जागी ठेवून दिले. त्यांच्या आबाची घरात तेवढीच एक वस्तू उरली होती, हे सायलीच्या आईने आम्हाला दारात निरोप देताना सांगितलं. तेव्हा मला खरंच गलबलून आलं. पण कुतानी ती कुतानीच.

परतीच्या वाटेवर अमेयने मी दिसू नये म्हणून आरसा वर वळवून ठेवला. सायलीचा फोन आला की गच्चीवर जायचा आणि उतरलेल्या तोंडाने खाली यायचा. तिच्या घरी आत्यांनी फर्मान काढलं होतं: त्या बाईच्या घरात पोरगी द्यायची नाय. मला जेवण जाईना. लग्न माझ्यामुळे मोडलं तर मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? हे म्हणाले, "फोन कर आणि म्हण, चुकून तोंडातून गेलं, ती साधी किटली आहे."

"खोटं बोलू?"

"मुलाच्या संसारासाठी!"

"लेंगा धुऊन देईन, इस्त्री करून देईन. पण कुतानीला साधी म्हणणार नाही!"

आणि मग एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आत सायली, आणि तिच्या शेजारी शेवंताआत्या, मांडीवर फडक्यात बांधलेली किटली घेऊन. आत्या आत आल्या, किटली टेबलावर ठेवली (रिकामी) आणि सायलीला म्हणाल्या, "सांग गं तिला."

सायली मला काही कमी वाटत नव्हती, पण पोरगी किती धीराची ते त्या दिवशी कळलं. तिने बुडाचा फोटो काढून कंपनीत आलेल्या जपानी इंजिनिअरला दाखवला होता. त्याने आधीच सांगून टाकलं की मी पंपांचा माणूस आहे, किटली किती जुनी ते मला विचारू नका. पण हे रंग कुतानीचे, एवढं तिकडे घराघरांत माहीत असतं.

"म्हणजे काकूंचं बरोबर होतं, आत्या. ती शिवी नव्हती."

मी यांच्याकडे पाहिलं. अमेयकडे पाहिलं. परत यांच्याकडे पाहिलं. काय तो क्षण!

"पण काकू," सायली जरा अडखळली, "फुकू हे कारागिराचं नाव नाहीये. फुकू म्हणजे भाग्य, सुख. शुभ असतं म्हणून भांड्यांवर लिहितात. बनवणाऱ्याचं नाव त्यावर कुठेच नाही."

आता सांगायला हवं की मधल्या काळात मी लताताईंसकट अख्ख्या दहिवलीला फुकूची ओळख करून दिली होती. फुकू महान कारागीर होता. फुकू डोंगरात एकटा राहायचा. त्याला लांब पांढरी दाढीही मीच दिली होती.

"फुकू नावाचा माणूस नसेलच कशावरून?" मी म्हटलं. "आपल्याकडे नाही का भाग्यवान नावाची माणसं असत?"

"अगं, हार मान आता," हे म्हणाले.

आत्यांचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या किटलीवरून हात फिरवत होत्या. "आबानं घरात भाग्य आनून ठेवलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या, "आनि आमी इतकी वर्सं नुसता चा पीत ऱ्हायलो. कदी पालथी घालून बगितली नाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू बगितली. म्हनून कळलं. पोरगी देतो तुज्या घरात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत्यांचे हात धरले. त्याही गहिवरल्या.

"पन एक सांगते," त्या म्हणाल्या, "झाकन लाडवानं फुटलं नाय."

"लाडवानेच फुटलं."

"नाय फुटलं."

"फुटलं!"

हा मुद्दा आजतागायत सुटलेला नाही आणि माझ्याकडून सुटणारही नाही. झाकणाच्या जागी सध्या कर्जतच्या बाजारातलं स्टीलचं झाकण बसवलंय. ते मीच शोधून आणलं, इतकं घट्ट बसतं की किटलीत चहा ओतायच्या आधी ते दोघांनी ओढावं लागतं.

लग्न थाटात झालं. जेवणं उरकल्यावर मला मुलीकडचं रुखवत बघायला नेलं. लांबच लांब टेबल, त्यावर डबे, तांबे, पातेली, परात, कपबश्या. आणि सगळं, अगदी चमच्यांच्या वाटीपर्यंत, एकूण एक पालथं मांडलेलं! बघायला जमलेली माणसं चक्रावून गेली होती.

शेवंताआत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हटलं, विहीनबाईला तरास नको."

सगळा मांडव हसला. अमेय हसला, नवी सून हसली, हे तर खुर्ची धरून हसले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर लाजेने मान खाली घालून निघून गेली असती. मी पर्समधून भिंग काढलं आणि पहिल्या डब्यापासून वाचायला सुरुवात केली.