रंगाखालचा नंबर

रॉकेलचा वास आला की आदिलाबादचं आरटीओ ऑफिस आठवतं. जुन्या स्कूटरची नोंदणी वाढवून मिळाली नसती, तर बाबांचं खेड्यातल्या शाळेत जाणं अडलं असतं. साहेबांना ती चांगली दिसावी म्हणून आम्ही आदल्या दिवशी हौसेनं रंगवली, आणि तिथं पोचून पाहतो तर तपासणीला लागणारा चासी नंबरच रंगाखाली गडप! एजंट म्हणाला, "गुर्जी, वरचे पैसे द्या, रांग काऊन लावता?" "आमाले रांगच पायजे," बाबा हसले. चहावाल्याकडून रॉकेल मागून, रुमालानं घासत आम्ही पुढं सरकलो. पाळी येईतो शेवटचा आकडाही दिसला आणि शिक्का मिळाला. आता सुविधा शुल्क भरून मी घरबसल्या काम उरकते. पण इतकी उपयोगी रांग पुन्हा लागली नाही.