शेततळ्यातला पांढरा शार्क

आमच्या पाथर्डीपासून समुद्र कुठल्या कुठे. मी तो अजून पाहिलेला नाही. पण पांढऱ्या शार्कबद्दल मला काय विचारायचं ते विचारा! लेकीनं तिचा जुना मोबाईल मला दिला, त्यात एकदा चुकून शार्कचा व्हिडिओ लागला, आणि तेव्हापासून तो मेला मोबाईल मला दुसरं काही दाखवतच नाही. भाकरी थापताना शार्क, शेंगा फोडताना शार्क. त्याचा दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो, जन्मभर. पोहायचा थांबला तर श्वास कोंडून मरतो. मालकांना मी हे सांगायला लागले की ते म्हणायचे, "जेवताना तरी त्याला भाईर ठिव."

आणि अशा बाईला पोहायला शिकायचं होतं. हौस म्हणून नव्हे. आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, आणि तो इतका निसरडा की पाय घसरला तर न पोहणारा माणूस काही वर येत नाही. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकतं, ते मालक टेम्पो घेऊन गेले की मलाच काढावं लागतं. दोनदा मी काठावरून माघारी आले होते आणि डाळिंबं तहानलेली राहिली होती. लई लाज वाटली मला. शेवटी मीच म्हटलं, "आहो, शिकवा एकदाचं."

मग एका दुपारी लेकीचा पंजाबी ड्रेस घालून, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून, दोराला धरून मी पाण्यात उतरले. पाणी हिरवंगार, खालचं काही दिसेना. आता शेततळ्यात शार्क नसतो हे मला कळतं हो, एवढी काही मी खुळी नाही. पण तो येतो ते खालून! पाठ काळपट असते, त्यामुळे वरून पत्ता लागत नाही. आधी नाकानं ढुशी देऊन बघतो, मग चावून. त्या नाकावर बारीक भोकं असतात, त्यांतून त्याला आपल्या काळजाची धडधडसुद्धा कळते. माझी तर तिसगावापर्यंत ऐकू जात असेल.

"आगं पाय हालव! नुस्ती लोंबकळू नको!" मालक ओरडले, आणि मला आधार द्यायला त्यांनी बुडी मारली. मला न सांगता!

पोटाला खालून काहीतरी ढुसलं. शार्क आला तर नाकावर ठोसा हाणायचा असतो. मी हाणला, अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून.

मालक नाक धरून वर आले. "आगं बया, मारलंस की मला!" त्यांच्या नाकातून रक्ताचा एक थेंब पाण्यात पडला. मग दुसरा.

रक्त! पाण्यात! एका थेंबाचा वास त्याला लांबून येतो. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. हात मारले, पाय झाडले, कॅन सुटला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि पलीकडच्या काठाचा दोर हाताला लागला तेव्हा कुठे थांबले.

मग डोकं ठिकाणावर आलं. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला रक्तबंबाळ करून, शार्कच्या तोंडी देऊन मी एकटी पळून आले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भीत भीत वळून पाहिलं.

मालक माझा कॅन काखेत धरून तरंगत होते. हनुवटीपर्यंत रक्त, नाक वांग्याएवढं, आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटत ओरडत होते, "आगं पवली! माझी बायको पवली!"