अक्काच्या नावाची मूठ

धुळ्याच्या नलूताई, गुडघे काय म्हणतात? बोदवडच्या वन्सं, खोकला गेला का? अमळनेरच्या सूनबाई, बाळंतपण झालंय, पोटभर जेवत जा गं... आणि जिने परवा मला एकटीलाच मेसेज केला, तिचं नाव घेत नाही. तू कशी आहेस?

"गाठ निघाली आहे काकू, आता घरचे म्हणतील तसं," असं लिहिलंस. वाचलं आणि चहा हातात तसाच निवला. तुझ्यासाठी म्हणून हे ग्रुपवर सगळ्यांत लिहिते आहे... माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं वाचून वाचून शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अमळनेरजवळच्या खेड्यात आमचं एकत्र घर. अक्का माझी थोरली जाऊ, आबा तिचे मालक. अंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, हे मुंगीच्या पावलानं आलं...

अमळनेरच्या डॉक्टरांनी धुळ्याला मोठ्या सर्जनकडे पाठवलं. तिथं सुईनं तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी आबा, आमचे हे आणि शिंदखेड्याहून आलेला अक्काचा भाऊ, तिघं केबिनमध्ये गेले. आम्ही दोघी बाहेर बाकावर. बाईमाणसानं आत जाऊन काय करायचं, अशीच रीत होती.

तिघांनी आत ठरवूनही टाकलं. उद्याच काढून टाका, आणि तिला सांगा चरबीची गाठ आहे. त्यांच्याही जिवाला घोर होता, तेही खरं...

डॉक्टर माणूस तापट. खुर्चीतून उठून दारात आले आणि म्हणाले, "गाठ या तिघांपैकी कोणाला आहे?" मग आम्हाला दोघींना आत घेतलं. ह्यांना आणि भावाला बाहेर बसवलं. आबा तेवढे राहिले, भिंतीला टेकून.

अक्कानं पदर सावरला आणि आमच्या अहिराणीत पहिल्यांदा हेच विचारलं, "हाई गाठनं नाव काय शे, डॉक्टरसाहेब? खरं सांगा."

त्यांनी सांगितलं. कॅन्सर. तिला ते आधीच ठाऊक होतं असं मला वाटतं...

मग ते सावकाश बोलले. दोन वाटा होत्या. पूर्ण स्तन काढायचा, ते इथं धुळ्यात होईल. नाहीतर मुंबईला जायचं, तिथं गाठीपुरतंच काढतील, पण नंतर कित्येक आठवडे किरणांचा शेक घेत तिथंच राहावं लागेल. "तुमच्या गाठीला दोन्ही चालेल. तुम्हाला काय चालेल ते तुम्ही सांगा."

अक्काचं लग्न विचारून झालं नव्हतं, लेकरं विचारून झाली नव्हती. जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं, तर ते हे.

"मुंबईमा कोना दारशी पडू? आठेच काढा," ती म्हणाली, म्हणजे इथं धुळ्यातच. आणि मग, "मना हात कामना राही का?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, हात सुजेल, जड काम कदाचित होणार नाही. अक्का म्हणाली, मग कानबाईचं दळण या हातानं होऊ द्या, मग न्या. पुढच्याच रविवारी कानबाई होती, आमच्या खान्देशात श्रावणात घरोघर बसते ती देवी. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी विसर्जन, मंगळवारी इथं. त्यापुढे मी ऐकणार नाही." ठरलं.

एसटीत आमचे हे म्हणाले, "आम्ही ठरवलं तेच तर झालं, मग फरक काय?"

कानबाईच्या रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांची, आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि जात्यावर दळायचे. आबा नाव घेत, अक्का मूठ टाकी. त्या वर्षी शेवटचं नाव झालं, अक्का सूप उचलणार तोच आबा म्हणाले, "आनी एक तुनी."

चुलत सासूबाई कडाडल्या, "बायाना नावनी मूठ? कानबाई कोपी!"

अक्का हसली. "आते आखो काय कोपी ती?" म्हणाली, अजून काय कोपायचं राहिलंय तिचं, आणि टाकली मूठ. जात्यावर मी समोर बसले, पण खुंटा तिनं मला नीट धरूच दिला नाही. सगळं दळण तिनं एकटीनं ओढलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. हात सुजला तो कायमचाच. पुढं काही वर्षं बरी गेली, मग दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं... त्या वेळी डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत आबाच म्हणाले, "तिलेच इचारा." सलाईनची औषधं घ्यायची की थांबायचं, हा सवाल होता. अक्का म्हणाली, "आते बस. माले घर लई चला." आबांना पटलं नव्हतं. दाराकडे तोंड करून रडले, पण घरी आणलं.

विचारल्यानं ती वाचली नाही गं. तसं खोटं मी लिहिणार नाही. पण ती गेली ती स्वतःच्या मर्जीची बाई म्हणून गेली.

आता आमच्या घरी रोटांना बायकांच्याही नावानं मूठ पडते. फक्त अक्काची नाही, गेलेल्याची मूठ काढत नाहीत. आता आबाही गेले, त्यांच्या नावाशीही हात अडखळतो...

तेव्हा बाई, लवकर लिही. घरचे काय म्हणाले ते मागाहून कळव. आधी तू काय म्हणालीस ते लिही.