लिंबोणीची उगवतीची बाजू

आमची लिंबोणी आठव्या वर्षीही फळ धरेना, तेव्हा सासूबाईंनी एका सकाळी तिला कुऱ्हाड दाखवायचं ठरवलं. ही आमच्याकडची रीत. एकानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, फळ देत नाहीस, तोडतो तुला. दुसऱ्यानं आडवं यायचं: नको तोडू, पुढच्या साली देईल. मग बुंध्यावर एक हलका घाव घालून सोडून द्यायचं. झाड भितं आणि धरतं, असं मानतात.

कुऱ्हाड सासूबाईंच्या हातात होती. आडवं यायचं काम माझ्याकडे, कारण झाड मी लावलेलं.

"फळ देत न्हाईस. तोडते तुला," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या साली देईल, एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझ्या लग्नालाही तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कुंपणापलीकडे शेजारच्या दोघी भरल्या घागरी घेऊन उगाच थांबल्या होत्या. झाडाच्या नावानं मी काय कबूल करते, ते त्यांना ऐकायचं होतं. नवरा पायरीवर बसून राखुंडीनं दात घासत होता. माझं तोंड काही उघडेना. एरवी हिच्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे, असं सासूबाई गावभर सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी गोठ्यातून सासरे आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्या साली दील." सासूबाईंनी घाव घातला आणि कुऱ्हाड सरपणात ठेवून दिली.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. एकोणीसशे साठनंतर एक-दोन वर्षांनी लग्न होऊन मी किकवीजवळच्या या गावात आले. पहिल्या माहेरपणाहून परतताना आईच्या परसातलं लिंबाचं रोप तुपाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि एस.टी.त मांडीवर धरून आणलं. नसरापूरला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढू का?" मी म्हटलं, मांडीवरच्याला तिकीट नसतं. सगळी गाडी हसली होती. तेव्हा मीही हसत असे.

रोप न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं आणि ते जोमानं वाढलं. काटे असे, की वाळत घातलेली लुगडी फाटत. फळ तेवढं नाही.

कुऱ्हाड दाखवली त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर, एका दुपारी भाकरी थापत असताना सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"दुसरी करायची ठरलीया," त्या म्हणाल्या. "तुला काय घालवून देत न्हाई आमी. तू हितंच ऱ्हायाचं. न्हाणीच्या अंगाला एक खोली काढायची, म्हंजी झालं."

कायद्यानं हे चालत नव्हतं. पण कायदा किकवीच्या फाट्यावर उतरून आमच्या गावापर्यंत पायी येत नसे. माहेरी परत जावं, तर आई गेलेली आणि भावाचं घर दोन खणांचं. म्हणजे या घरात कोण म्हणून राहायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढं होता. तो मी विचारला नाही.

मी विचारलं, "मग लिंबोणीचं काय करायचं?"

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मी रडेन, भांडेन, अशी त्यांनी तयारी केली असणार. मला खरंच काही वाटत नव्हतं. भाकरी तव्यावर होती, ती मी उलटली.

लिंबोणी खोलीच्या जागेतच येत होती, म्हणून तोडायचीच होती, पण सासरे म्हणाले, हलवू. त्यांचा हात झाडावर चांगला होता. माघात त्यांनी बुंध्यापासून दोन हातांवर अर्धगोल चर खणला, तेवढ्या बाजूची मुळं धारेच्या कोयत्यानं साफ तोडली आणि चर शेणखतानं भरून टाकला. महिन्याभरानं उरलेली बाजू. एकदम सगळी मुळं तोडली तर झाड दगावतं. अर्धी अर्धी तोडली, तर आत नवी बारीक मुळं फुटायला अवधी मिळतो. हे सगळं त्यांनी मला हातानं करून दाखवलं. दुसऱ्या लग्नाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मला ते बरं वाटलं की वाईट, हेही कळलं नाही.

खरं तर झाड पावसाच्या तोंडावर हलवायचं, पण लग्न वैशाखात आणि खोली त्याआधी उभी राहायला हवी. म्हणून चैत्रात, भर उन्हात हलवलं. त्या सकाळी सासऱ्यांनी चुन्याची डबी काढली आणि बुंध्याच्या पूर्वेकडच्या अंगाला बोटानं पट्टा ओढला.

"ही उगवतीची बाजू. नव्या जागी बी हीच उगवतीला यायला पायजे. फिरली तर झाड बावचळतं."

मी बघत होते. वेल्ह्याहून मला आणलं तेव्हा कुणी डबी काढली नव्हती.

मुळांभोवतीचा मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधला आणि चौघांनी बांबूवर तोलून गोठ्यामागच्या खड्ड्यात उतरवला. खोड मी धरलं होतं. चुन्याचा पट्टा उगवतीला आला तशी मी हो म्हटलं आणि माती लोटली. चार दिवसांत सगळी पानं गळाली. सासऱ्यांनी तिसरा हिस्सा फांद्या छाटल्या, खोडाला ओलं फडकं गुंडाळलं, वर पळसाच्या डहाळ्यांची सावली केली. "आता तुझ्या हातात," म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मांडव दारात होता आणि मी गोठ्यामागं कळशीनं पाणी घालत होते. वाजंत्री ऐकू येत होती. कुणाचं तरी लग्न आहे, एवढंच डोक्यात येत होतं.

ती आली तेव्हा सतरा-अठराची असेल. मला आक्का म्हणायची. तिचा राग करावा असं मी दोन-तीनदा ठरवलं, पण जमेना. आठवड्याभरानं ती गोठ्यामागं आली आणि त्या काटक्यांकडे बघून म्हणाली, "आक्का, ह्ये मेलंय व्हय?"

मी तिला फांदी नखानं खरवडून दाखवली. साल निघाली, आत हिरवं होतं.

"हिरवं हाय तवर पाणी घालायचं," मी म्हटलं. ती दुसऱ्या दिवसापासून दुसरी कळशी आणू लागली.

पावसाळ्यात लिंबोणी फुटली. बुंध्यापासून नुसत्या काट्यांचे सरळ फुटवे यायचे, ते मी कापत राहिले. वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. तिसऱ्या वर्षी सासरे वारले. नवी खोली होती, खोलीत ती होती, आणि मूल तिलाही झालं नाही. तिला पुरंदरच्या एका देवाला नेऊन आणलं. अंगारा, उपास, सगळं मी आधी करून बसलेलीच होते. हळूहळू तीही कमी बोलायला लागली. माझ्याशी मात्र बोले. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो.

चौथ्या वर्षी सासूबाईंनी पुन्हा सरपणातून कुऱ्हाड काढली. त्याच्या आदल्या आठवड्यात आंबवड्याकडच्या एका मुलीची चौकशी झाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तिच्याही.

"फळ देत न्हाईस. तोडते तुला," सासूबाई म्हणाल्या आणि या खेपेला तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "बोल की गं."

तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कुंपणापलीकडे घागरी थांबल्या होत्या. नवरा पायरीवर बसून राखुंडी लावत होता. तीच पायरी, तेच बोट. त्या बोटाकडे बघताना माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. राग आला मला. चार वर्षांनी आला, आणि तिच्यासाठी आला. माझ्यासाठी कधी आला नव्हता.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, दोघी झाल्या," मी म्हटलं. आवाज चांगला मोठा लागला, घागरींपर्यंत. "आता तिसरी आणली तरी त्येच होनार. का, त्ये त्या पायरीवर बसल्यात त्यास्नी इचारा."

नवरा उठला. तोंडात राखुंडी तशीच होती, खळखळून चूळही भरली नाही त्यानं. आत गेला आणि दार लोटून घेतलं.

सासूबाई माझ्या अंगावर येतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कुऱ्हाड जमिनीवर टेकवली आणि दांड्याचा आधार घेत खाली बसल्या.

"मला ठावं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्येला पंधराव्या वर्षी गालफुगी झाली हुती. ह्येला प्वार व्हनार न्हाई, असं वैद्यानं तवाच सांगितलं हुतं."

म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. माझ्या बारा वर्षांआधीपासून, हिच्या चार वर्षांआधीपासून. दोन्ही खेपेला त्या झाडापुढं कुऱ्हाड घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना माहीत होतं.

मी त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. तिनं मागून माझा पदर घट्ट धरला. मी काय करीन याची तिला भीती वाटली असावी. मी कुऱ्हाड सरपणात ठेवून दिली. मग आम्ही दोघींनी कळश्या उचलल्या आणि लिंबोणीला पाणी घातलं. बुंध्यावर चुन्याचा पट्टा अजून पुसट दिसत होता. पाणी घालता घालता मी रडायला लागले, ते दुपारपर्यंत थांबले नाही.

आंबवड्याच्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही.