काउंटरवरून उचललेला दगड

स्वारगेटजवळच्या एका यंत्रविक्रेत्याने माझ्या शेजाऱ्यांना फसवलं, आणि ते माझ्या हातून फसवलं.

शेजारी तारेची कुंपणं घालतात. खांबांचे खड्डे पहारीने खणून खणून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी पहार बंद करायला सांगितली. म्हणून आपल्या जुन्या खोदाईच्या गाडीला जोडायला हायड्रॉलिक ऑगर घ्यायचं त्यांनी ठरवलं. ऑगर म्हणजे गाडीच्या तेलाच्या दाबावर फिरणारं अजस्र गिरमिट. खरेदीला त्यांनी मला सोबत नेलं. आमच्या गल्लीत फ्रिज घ्यायचा असो की लग्नाचा बस्ता, लोक मला नेतात. हातगाडीवर भाजी विकत मी वर आलो. समोरच्याचा शेवटचा भाव त्याच्याआधी मला कळतो, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

शेजाऱ्यांनी पिशवीतून एक दगड आणला होता. कात्रजच्या उतारावरचा, काळा, जड. दुकानात शिरताच त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि यात भोक पडायला हवं, असं सरळ सांगून टाकलं. मला राग आला. गरज अशी उघडी टाकल्यावर कोण भाव कमी करतो? मी दगड उचलून माझ्या पिशवीत टाकला.

विक्रेत्याने जाड दांड्याचा, टोकदार कठीण दातांचा ऑगर दाखवला. हा खडकासाठी, म्हणाला. भाव ऐकून मी हसलो. खडक कुठला, नुसता मुरूम आहे, असं ठोकून दिलं. शेजारी काही बोलणार होते, मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग विक्रेत्याने बाजूचा हलका ऑगर पुढे केला. त्याचे दात चपटे होते. मी त्याचा भाव घासून घासून खाली आणला आणि अगदी शेवटी, निघता निघता विचारलं, "मध्ये दगड लागला तर?"

"फोडतो," तो म्हणाला.

उतारावर वीतभर मुरूम लोण्यासारखा निघाला. मग ऑगर किंचाळायला लागला आणि जागच्या जागी नाचू लागला. गाडीची मागची चाकं उचलली गेली. बाहेर काढला तेव्हा दात गुळगुळीत झाले होते. शेजाऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं, गाडी बंद केली आणि पहार काढली. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "भाव मात्र झकास केलात, भाऊ." टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलले.

मी तडक दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, तरी आवाज चढवला. विक्रेता शांतपणे चहा पीत होता.

"अहो साहेब, मुरूम आहे असं आपणच म्हणालात."

"तू तो दगड पाहिला होतास."

"पाहिला ना. आपण उचललात, तेही पाहिलं."

गिऱ्हाइकं हसली. मी आल्या पावली बाहेर पडलो. भावाच्या बोलाचालीत असं कधी झालं नव्हतं.

दगड अजून माझ्याकडे आहे. परत द्यायला जिना चढतो, दारापाशी मलमाचा वास येतो आणि मी मागे फिरतो. परवा गल्लीतल्या एका बाई कपाट घ्यायला चला म्हणाल्या. शेजाऱ्यांनीच माझं नाव सुचवलं होतं. मी कंबर धरल्याचं सांगितलं.

मुरुमाचं खोटं माझं. त्याबद्दल शेजाऱ्यांसमोर मान खाली घालून मी उभा राहीन. पण शेठ, तो दगड तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता, आणि "फोडतो" हा शब्द तुमचा आहे. मला सूट नको, मशीन बदलूनही मला देऊ नका. कात्रजच्या उतारावर या. तो माणूस डाव्या हाताने पहार मारतोय, त्याच्यासमोर उभे राहा आणि तो शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखवा.